सतरा नंबर हजर

त्या शाळेच्या कर्मचारी संघटनेची सभा सुरू व्हायची ती हजेरीनं. अध्यक्षांचं भाषण, मागच्या सभेचं इतिवृत्त वगैरे सगळं नंतर. आधी भूगोलाचे सर लांबट रजिस्टर उघडणार, कपाळावरचा चष्मा नाकावर आणणार आणि पोरांची घ्यावी तशी मोठ्या माणसांची हजेरी घेणार. नाव नाही, फक्त नंबर. चाळिशी-पन्नाशीची माणसं चित्रकलेच्या वर्गातल्या बुटक्या बाकांवर गुडघे दुमडून बसलेली, आणि आपला नंबर आला की निमूट "हजर" म्हणणारी. नव्या माणसाला पहिल्या सभेत हसू आवरायचं नाही. तिसऱ्या सभेपर्यंत तोही मुकाट्यानं हजर म्हणायला लागायचा.

नंबरांमागे कारण होतं. पन्नास वर्षांपूर्वी संघटना निघाली तेव्हा सभेत घेतलेली नावं दुसऱ्या दिवशी सकाळी वरच्या ऑफिसात पोचायची, आणि मग कुणाची बदली, कुणाला मेमो. तेव्हाच्या लोकांनी युक्ती काढली. नाव अर्जावर लिहायचं, अर्ज कपाटात कुलूपबंद, सभेत आणि पावतीवर नुसता नंबर. ती भीती केव्हाच गेली, नंबर तेवढे राहिले. माणूस निवृत्त झाला की त्याच्या नंबरावर लाल शाईची रेघ, नवा आला की त्याला पुढचा नंबर. त्यामुळे हाक मारण्याजोगे नंबर आता शंभराच्या पुढेच सापडायचे. अपवाद एकच. सर सुरुवातच "सतरा" म्हणून करायचे, दाराजवळच्या बाकावरून "हजर" असं उत्तर यायचं आणि मग गाडी एकदम एकशे चारवर जायची.

सतरा नंबर म्हणजे शाळेतली शिपाई. तिच्याकडे चाव्यांची जुडी, पाण्याचा पंप, घंटा, खडूंचे खोके आणि हरवलेल्या डब्यांची झाकणं. पण शाळा तिला ओळखायची ती चौकशीताई म्हणून. ही बाई प्रश्नावाचून राहूच शकत नसे. प्रयोगशाळेत बाटली दिसली की यात काय आहे, ते कशानं बनतं, सांडलं तर काय होईल. इन्स्पेक्टर आले तर त्यांना पाणी देता देता विचारलं होतं की तुमची तपासणी कोण करतं? इन्स्पेक्टरांना ठसका लागला होता. घरी तिचा नवरा घड्याळं दुरुस्त करायचा. तो म्हणायचा की, घड्याळ उघडलं तर निदान परत बंद करता येतं, हिचं तोंड एकदा उघडलं की उघडलं.

तर अशा या बाईला संघटनेनं एक काम दिलं. पन्नास वर्षं झाली म्हणून संघटनेच्या खोलीबाहेर फलक लावायचा होता. त्यावर आपण कोण आणि कशासाठी आहोत एवढं लिहायचं. तीन शिक्षकांची समिती नेमली. समितीनं दीड महिना घेतला आणि एक पान लिहून आणलं. त्यात "सर्वांगीण" हा शब्द पाच वेळा होता. संघटनेच्या सेक्रेटरी विज्ञानाच्या बाई होत्या. त्यांनी ते पान वाचलं, घडी घातली आणि पर्समध्ये टाकलं.

"ताई, तुम्ही सगळ्यांना नाही नाही ते विचारता," त्या चौकशीताईला म्हणाल्या. "आता हे विचारा. आपण कोण?"

"असं विचारलं तर सगळे समितीसारखंच बोलतील," चौकशीताई म्हणाली. "मी वेगळं विचारते."

घाईला कारणही होतं. येत्या शनिवारच्या सभेत एका ठरावावर मतदान होतं. शाळेच्या हजेरीपटावर नाव असेल त्यालाच सभासद करायचं, असा जुना नियम. बसमधून लहान पोरांना आणणाऱ्या तिघी आणि स्वयंपाकघरातल्या दोघी ठेकेदाराच्या कागदावर होत्या, शाळेच्या पटावर नव्हत्या. त्यातल्या एका बसवालीनं गाडीच्या मागच्या दाराची कडी नीट बसत नाही अशी तक्रार वहीत तीनदा लिहिली. तिसऱ्या तक्रारीनंतर कडी तशीच राहिली आणि बसवालीला निरोप आला, एक तारखेपासून येऊ नका. ती सभासद असती तर संघटनेला विचारल्याशिवाय तिला काढता आलं नसतं. ठराव असा होता की शाळेत काम करणारं कोणीही सभासद होऊ शकेल. एक तारखेला अकरा दिवस उरले होते.

भूगोलाचे सर ठरावाच्या विरोधात होते. माणूस वाईट नव्हता, पण नियमाला चिकटलेला. "संघटनेला कुंपण हवं," ते म्हणायचे. "कुंपण काढलं की तिचा बाजार होतो." त्यांच्या मागे बरीच माणसं होती. सेक्रेटरी बाईंनी प्रत्येकाला खासगीत विचारून मोजदाद केली होती. ठरावाच्या बाजूनं चोवीस, विरोधात तेवीस. बरोबरी झाली तर ठराव पडतो. त्या चोविसात चौकशीताई होती.

तिनं आपला प्रश्न ठरवला आणि मधल्या सुट्टीत वही घेऊन फिरायला लागली. तुम्ही उद्या आला नाहीत तर शाळेत काय अडेल?

"पोरं मला दुवा देतील," गणिताचे सर म्हणाले.

"दाखले अडतील," ऑफिसातला कारकून म्हणाला. "आणि हेडमास्तरांना त्यांची स्वतःची सही कुठे करायची ते कळणार नाही."

स्वयंपाकघरातल्या मोठ्या मावशी मोठं पातेलं घासत होत्या. त्यांनी हात न थांबवता सांगितलं, "चौथ्या तासाला पोरं रडायला लागतील. कोण का रडतंय ते गुरुजींना कळायला पाचवा तास उजाडेल."

बसवालीनं थोडा विचार केला. "पहिलीतला एक आहे, त्याला सगळे थांबे सारखेच वाटतात. मी नसले तर तो भलत्याच ठिकाणी उतरेल." मग म्हणाली, "एक तारखेला कळेलच की."

चौकशीताईनं ते तसंच लिहून घेतलं. तिला मजा वाटायला लागली होती. बावीस वर्षं ती या इमारतीत वावरत होती, आणि प्रत्येक उत्तरातून एक नवंच दार उघडत होतं. भूगोलाच्या सरांना तिनं शेवटी विचारलं. ते नकाशे गुंडाळून ठेवत होते. निवृत्तीला दोन वर्षं उरलेली. हातातल्या नकाशाची दोरी त्यांनी बांधून टाकली.

"काही अडणार नाही," ते म्हणाले. "नकाशे भिंतीवर आहेतच."

हे मात्र तिनं वहीत लिहिलं नाही. लिहवेना.

पहिल्या लोकांनी स्वतःबद्दल काय लिहिलं असेल, हा पुढचा प्रश्न तिला पडला नसता तरच नवल. कपाटाची चावी तिच्याच जुडीत होती. गुरुवारी शाळा सुटल्यावर तिनं संघटनेची खोली उघडली आणि जुन्या अर्जांचा पत्र्याचा डबा काढला. पिवळे पडलेले कागद. प्रत्येकावर नंबर, नाव आणि "शाळेतील काम" असा रकाना. एक नंबर, गणित शिकवणे. दोन नंबर, इंग्रजी व खेळ. सहावा, टंकलेखन. ती एकेक कागद चवीनं वाचत गेली आणि सतरावर आली.

अर्ज एका पुरुषाचा होता. नाव तिनं कधी ऐकलेलं नव्हतं. अक्षर वाकडंतिकडं, आणि कामाच्या रकान्यात दोनच शब्द होते, "पडेल ते".

पहिल्यांदा तिला वाटलं की कागद चुकून इथे आला. तिनं डबा पालथा केला. आपल्या नावाचा अर्ज शोधला, पुन्हा शोधला. तो नव्हताच. मग तारखेकडे लक्ष गेलं. सतरा नंबर संघटनेच्या पहिल्याच दिवशीचा, आणि त्या दिवशी तिचा जन्मही झालेला नव्हता. गणित शिकवणारी चार माणसं दर महिन्याला तिचं "हजर" ऐकत होती, पण हा हिशेब एकालाही सुचला नव्हता. आणि जगाची चौकशी करणाऱ्या बाईनं आपल्या नंबराची चौकशी कधीच केली नव्हती.

घरी आत्या चहा पीत बसली होती. चौकशीताईच्या आधी शाळेत शिपाई होती ती हीच आत्या. निवृत्त झाल्यापासून त्यांच्याकडेच राहायची.

"आत्या, सतरा नंबर तुला कुणी दिला?"

"आधीच्या म्हाताऱ्यानं," आत्या म्हणाली. "पोटभर खोकला आणि म्हणाला, ही जुडी, हा पंपाचा पाना, आणि सभेत सतरा म्हणाले की हजर म्हणायचं. मी तुला तेच सांगितलं की नाही?"

"अर्ज भरला होतास?"

"कसला अर्ज?"

"अगं, म्हणजे तू कधी सभासदच नव्हतीस."

आत्यानं कप खाली ठेवला. "वीस वर्षं मोर्च्यात चालले ते काय मग, फिरायला गेले होते?" मग ती म्हणाली, "मला वाटलं, नंबर जुडीबरोबर येतो."

नवऱ्यानं डोळ्यावरचं भिंग न काढता सल्ला दिला. "शनिवारी मत दे. सोमवारी सांग. इतकी वर्षं चाललं, दोन दिवसांनी काय बिघडतंय?"

सल्ला शहाणपणाचा होता, म्हणूनच तिला तो टोचला. शुक्रवारचा अख्खा दिवस ती गप्प राहिली. चौकशीताई गप्प आहे म्हणजे आजारी असणार, असं शाळेत ठरलं आणि तिघांनी तिला तीन वेगवेगळी औषधं सांगितली. तिला लाज वाटत होती, आणि लाजेपेक्षा जास्त वाईट वाटत होतं. पाण्याच्या टाकीसाठी संघटना अडून बसली तेव्हा ती पायरीवर बसली होती. शिपायांना बसायला खोली मिळाली तेव्हा पहिली खुर्ची तिनं आत नेली होती. आपलं, आपलं म्हणत आलो ते आपलं नव्हतंच की काय? आणि बोलावं, तर बसवालीचं एक मत जात होतं. न बोलावं, तर उद्या कुणाच्या हाती तो डबा लागला की ठरावच रद्द व्हायचा.

शनिवारी शाळा अर्ध्या दिवसानं सुटली. चित्रकलेच्या वर्गात सगळे गुडघे दुमडून बसले. बाहेर व्हरांड्यातल्या बाकावर बसवाल्या आणि स्वयंपाकघरातल्या मावशी थांबल्या होत्या, कारण सभासद नसलेल्यांनी आत बसायचं नाही असा नियम होता. सरांनी चष्मा नाकावर आणला.

"सतरा."

कुणी बोललं नाही.

"सतरा," सरांनी वर न बघता पुन्हा म्हटलं.

"सतरा नंबर हजर नाही, सर," चौकशीताई उभी राहून म्हणाली.

मागे कुणीतरी हसलं. ती पुढे गेली आणि पिवळा अर्ज टेबलावर ठेवला. जे होतं ते तिनं सांगितलं. म्हातारा, त्याच्यानंतर आत्या, आत्यानंतर आपण. सांगताना आवाज एकदाच अडकला, आत्याच्या मोर्च्यापाशी. सेक्रेटरी बाईंनी डोळे मिटून घेतले. त्यांची मोजदाद पक्की होती.

सरांनी अर्ज दोन्ही बाजूंनी बघितला. त्यांचे कान लाल झाले होते. "एकोणीस वर्षं हे रजिस्टर माझ्याकडे आहे," ते म्हणाले. "एकोणीस वर्षं पहिली हाक मीच मारतोय." त्यांनी खिशातून लाल पेन काढलं. सतरावर रेघ ओढायला त्यांना फार वेळ लागला. मग म्हणाले, "अर्ज आज भरलात तरी मत पुढच्या सभेपासून. आणि सभासद नसलेल्यांनी..."

"बाहेर थांबायचं," ती म्हणाली. "जाते मी, सर."

व्हरांड्यात बाकावर बसवालीनं तिला जागा करून दिली. "तुम्ही कशा बाहेर?"

"मीही तुमच्यातलीच निघाले." आणि तिनं थोडक्यात सांगितलं.

बसवाली हुशार होती. तिला बेरीज लगेच कळली. "ताई, आजच सांगायचं होतं?" ती हळू म्हणाली. "एक दिवस थांबला असतात."

चौकशीताईनं मांडीवरची जुडी घट्ट धरली. स्वयंपाकघरातल्या मावशींनी तिच्या पाठीवर हात ठेवला, त्यामुळे तर तिला जास्तच भरून आलं.

आत मतदान सुरू झालं. तेही हजेरीसारखंच. सर नंबर पुकारणार, समोरचा हो किंवा नाही म्हणणार. दार लोटलेलं असलं तरी ऐकू सगळं येत होतं. चौकशीताईनं जुडीचं कडं गुडघ्यावर आडवं धरलं आणि चाव्या मोजणीला घेतल्या. हो आलं की एक चावी उजवीकडे सरकवायची, नाही आलं की डावीकडे. एकशे चार, हो. एकशे नऊ, नाही. कारकुनाचा आवाज, हो. गणिताचे सर एरवी प्रत्येक वाक्यात विनोद करायचे, ते नुसतं हो म्हणाले. तिच्या दोन्ही बाजूंनी बाकावरच्या पाचही जणी चाव्यांवर वाकल्या होत्या. शेवटचा नंबर झाला तेव्हा उजवीकडे तेवीस चाव्या होत्या, डावीकडे बावीस.

"झालं?" बसवालीनं विचारलं. "एकानं पुढे आहोत ना?"

"एक उरलाय," चौकशीताई म्हणाली. "रजिस्टर धरतो त्याचा नंबर शेवटी असतो."

ते कोण, हे सगळ्यांना ठाऊक होतं. खुर्ची सरकल्याचा आवाज आला, मग पावलं, आणि दार उघडून भूगोलाचे सर व्हरांड्यात आले. चष्मा कपाळावर होता.

"कपाटाची चावी," ते म्हणाले.

चौकशीताईनं कडं पुढे केलं आणि परत मागे घेतलं. सवय जाते थोडीच? "कशाला, सर?"

"कोरे अर्ज त्यात आहेत."

तिला लगेच कळलं नाही. सरांनी बाकावर नजर फिरवली आणि वर्ग मोजावा तसं बोटानं मोजलं. "सहा," ते म्हणाले. "सहा अर्ज लागतील. पेन कुणाकडे आहे का, की तेही मीच आणू?"

बसवाली उठली आणि परत बसली. मोठ्या मावशी पदरानं डोळे पुसायला लागल्या. सर भलतीकडे, खिडकीच्या गजांकडे बघत राहिले.

"सर," चौकशीताई म्हणाली, "त्या दिवशी मी विचारलं होतं, तुम्ही आला नाहीत तर काय अडेल. ते मी अजून लिहिलेलं नाही. उत्तर तेच ठेवू?"

"चावी द्या आधी," सर म्हणाले. पण कपाट उघडून अर्ज मोजताना ते तिच्याकडे न बघता म्हणाले, "ते लिहूच नका."

फलकावर पुढे समितीचं पान आलं नाही. आलं एवढंच, "ज्यांच्यावाचून शाळेचं अडतं, ती सगळी माणसं." कशासाठी, याचं उत्तर त्यावर लिहायचं राहूनच गेलं. पण एक तारखेला बस आली तेव्हा बसवाली तिच्या जागेवर होती आणि दाराला नवी कडी होती. पहिलीतला तो मुलगा त्याच्याच थांब्यावर उतरला.

महिन्याभरानं पुन्हा सभा भरली. सरांनी एकशे चारपासून सुरुवात केली. दोनशे एकतीसनंतर बसवाली, तिच्या दोघी जोडीदारणी आणि स्वयंपाकघरातल्या मावशी अशा पाच जणी ओळीनं हजर म्हणाल्या. सगळ्यांना अर्ज कसा भरायचा ते सांगता सांगता चौकशीताईचा स्वतःचा अर्ज सगळ्यांत मागे राहिला होता. कामाच्या रकान्यात तिनं बराच विचार करून "पडेल ते" लिहिलं होतं. बावीस वर्षं ती पहिलं "हजर" म्हणून मोकळी व्हायची. बाकीच्यांची हजेरी शेवटपर्यंत ऐकायची वेळ आजच आली होती, आणि प्रत्येक आवाजाबरोबर तिच्या छातीत काहीतरी वर वर येत होतं.

"दोनशे सदतीस," सर म्हणाले.

बसवालीनं तिला कोपरानं ढोसलं.

"हजर," ती कशीबशी म्हणाली.

सरांचं पेन कागदावर थांबलं होतं. त्यांनी चष्म्यावरून दाराजवळच्या बाकाकडे बघितलं.

"जरा मोठ्यानं," ते म्हणाले.